पोरं आपलीच आहेत, हे कागदावर कसं दाखवायचं: शालेय संघाची फाइल आणि हरकतीची रीत

तालुका पातळीवर एखाद्या गावची शाळा कबड्डीत किंवा खो-खोत सलग दोन-तीन वर्षं पहिली आली की मैदानाच्या कडेला कुजबुज सुरू होते: ‘ही पोरं आणलेली आहेत.’ बहुतेक वेळा ती त्याच पंचक्रोशीतली, पाचवीपासून एकत्र खेळलेली असतात. कधीकधी मात्र खरंच पाणी मुरत असतं. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. एका प्रमाणपत्रावर इतकं अवलंबून असल्यामुळे लबाडी करणाराही आहे आणि संशय घेणाराही. संशयाला तोंडी उत्तर देऊन भागत नाही. संशय येण्याच्या कितीतरी आधीच्या तारखेचा कागद दाखवावा लागतो, आणि तो स्पर्धेच्या आदल्या रात्री तयार करता येत नाही.

आधी एक घोळ दूर करू. ‘गावचा’ असणं ही शालेय स्पर्धेची अट नाही. खेळाडू त्या शाळेच्या पटावरचा नियमित विद्यार्थी हवा आणि वयोगटात बसणारा हवा. शेजारच्या वाडीतून एसटीने येणारा मुलगा तितकाच शाळेचा असतो. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत असते, म्हणून हायस्कूलला पाचवीत आणि आठवीत मुलं बाहेरूनच येणार. अकरावीलाही तसंच. या तीन टप्प्यांवरचे प्रवेश स्वाभाविक आहेत. नववीत, दहावीत, तेही जुलै-ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धेच्या तोंडावर झालेला प्रवेश लोकांच्या डोळ्यांत भरतो. तो चुकीचाच असतो असं नाही, पण त्याचं कारण तुमच्याकडे लेखी असायला हवं.

शाळा उघडली की पहिल्या पंधरा दिवसांत क्रीडा शिक्षकाने जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही (जीआर), घेऊन बसावं आणि संभाव्य खेळाडूंचा तक्ता करावा. कबड्डीच्या संघात 12 खेळाडू असतात. तक्त्यात 18 ते 20 नावं घ्या, कारण ऐनवेळी दोघं-तिघं गळतात आणि घाईत घुसवलेल्या नावाचेच कागद अपुरे निघतात. प्रत्येकासमोर जीआर क्रमांक, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, आधीची शाळा, तिथल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा क्रमांक, जन्मतारीख, शासनाच्या स्टुडंट पोर्टलवरचा क्रमांक आणि मागच्या वर्षी कोणत्या शाळेकडून खेळला ते लिहा. शेवटचा रकाना बरेच जण सोडतात. हरकत घेणारा नेमकं तेच विचारतो.

वयाचा हिशेब 31 डिसेंबरला धरतात. 2025-26 साठी 14 वर्षांखालील गटात 1 जानेवारी 2012 किंवा त्यानंतर जन्मलेले, 17 वर्षांखालील गटात 1 जानेवारी 2009 आणि 19 वर्षांखालील गटात 1 जानेवारी 2007 किंवा त्यानंतर जन्मलेले. दर वर्षी साल एकाने पुढे सरकतं. तरी त्या वर्षीचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं परिपत्रक छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. इयत्तेवरून वयोगट ठरवू नका. आठवीतला मुलगा 14 वर्षांखालील गटात बसतोच असं नाही.

जन्मतारखेपाशी सगळ्यात जास्त घोटाळे होतात, आणि त्यातले पुष्कळसे कुणीही लबाडी न करता होतात. पहिलीत नाव घालताना जन्मदाखला नसला की गुरुजींनी 1 जून ही तारीख टाकायची, ही आपल्याकडची जुनी सवय. पुढे आईवडील ग्रामपंचायतीतून खरा दाखला काढतात, आधार तिसऱ्याच तारखेचं निघतं, आणि एका मुलाच्या तीन जन्मतारखा तयार होतात. म्हणून तक्ता करतानाच जीआर, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून पाहा. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. दुसरी आवर्जून वाचा. जन्मानंतर काही दिवसांतच नोंद झालेला दाखला भक्कम. आठ-दहा वर्षांनी नोंदलेला दाखला खोटा असतोच असं नाही, पण प्रश्न विचारला जाणार हे धरून चाला. त्याला पुष्टी म्हणून पहिलीच्या प्रवेशाचा उतारा जोडा.

जीआरमधली तारीख दुरुस्त करायची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनेच करा, आणि संघाची यादी जाण्याच्या खूप आधी करा. जुन्या नोंदीवर एक आडवी रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे. वर नवी नोंद, शेजारी मान्यतेच्या पत्राचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. व्हाइटनर लावलेलं रजिस्टर पंचांसमोर आलं की खरं बोलणाराही खोटा ठरतो. यादी गेल्यानंतर केलेली दुरुस्ती कितीही खरी असली तरी पटत नाही. त्या वर्षी त्या मुलाला न खेळवलेलं बरं.

नावांचंही तसंच. जीआरमध्ये एक, आधारवर दुसरं, स्पर्धेच्या ऑनलाइन प्रवेशिकेत इंग्रजी स्पेलिंगमुळे तिसरं, असं झालं की हा दुसऱ्याच्या नावावर खेळणारा मुलगा आहे असा आरोप सहज चिकटतो. प्रवेशिका भरणाऱ्या लिपिकाला नावं तोंडी सांगू नका, तक्ता हातात द्या.

ओळखपत्रावर फोटो याच वर्षीचा हवा. आधी फोटो चिकटवा, मग शिक्का असा मारा की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल, वर मुख्याध्यापकांची सही. शिक्का मारलेल्या कोऱ्या ओळखपत्रांवर नंतर फोटो डकवला की कडेला शिक्क्याची रेघ तुटलेली दिसते, आणि अनुभवी संयोजकाची नजर आधी तिथेच जाते.

आता हजेरी. 19 वर्षांखालील गटात खरा संशय इथेच असतो: कनिष्ठ महाविद्यालयात नुसतं नाव लावायचं, सराव दुसरीकडे करायचा आणि स्पर्धेपुरतं उगवायचं. दर महिन्याच्या हजेरीपटाची वर्गशिक्षकांच्या सहीची झेरॉक्स फाइलला लावत जा. सराव किंवा स्पर्धेसाठीच्या गैरहजेरीचं पत्र त्याच दिवशी घ्या. चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका हाही चांगला पुरावा आहे. दुसऱ्याच्या हस्ताक्षरात ती कुणी लिहून ठेवत नाही. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे कोणत्या फेरीत किंवा कोट्यात प्रवेश झाला त्याची प्रिंटही लावा.

काही मुलांची परिस्थितीच अशी असते की कागद तुटक दिसतो. बीड, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. मुलाची हजेरी मध्येच थांबते, किंवा कारखान्याजवळच्या शाळेत नाव घातलं जातं. अशा मुलाचं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून मिळणारं कार्ड) आणि दोन्ही शाळांच्या हजेरीची पत्रं एकत्र ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो. तेव्हा ‘दाखला नंतरचा आहे’ एवढ्यावर प्रवेश खोटा ठरत नाही. कोल्हापूरच्या तालमीत राहून तिथल्या शाळेत शिकणारी बाहेरच्या जिल्ह्यातली कुस्तीगीर मुलं, सरकारी क्रीडा प्रबोधिनीत राहून खेळाचं प्रशिक्षण घेणारी मुलं, यांचंही असंच. आपला मुलगा तालमीत राहतो हे लपवायचं कारण नाही. पालकांचं पत्र, राहण्याचा पत्ता आणि नियमित हजेरी एवढं पुरतं. ही मुलं घर सोडून आलेली असतात. त्यांना ‘भाडोत्री’ म्हणण्याआधी दहा वेळा विचार करावा.

तुम्हालाच समोरच्या संघाबद्दल शंका असेल तर सामना सुरू होण्याआधी लेखी हरकत द्या. हरल्यानंतर दिलेल्या हरकतीला रडीचा वास येतो, आणि मुदतीच्या नियमात ती बसत नसेल तर कुणी वाचतही नाही. अर्ज संघ व्यवस्थापकाच्या सहीने, स्पर्धाप्रमुखांच्या नावे. त्यात खेळाडूचं नाव, जर्सी क्रमांक, नेमका मुद्दा आणि कोणता कागद तपासावा ते लिहा. ‘संघात बाहेरची मुलं आहेत’ असं मोघम लिहिलं की अर्ज फेटाळला जातो. ‘क्रमांक 7 चा खेळाडू गेल्या वर्षी अमुक शाळेकडून खेळला, त्याची प्रवेशाची तारीख व शाळा सोडल्याचा दाखला तपासावा’ असं लिहिलं की तपासावंच लागतं. परिपत्रकात शुल्क असेल तर भरा आणि पोचपावती घ्या.

मिशी फुटली, आवाज घोगरा, उंची सहा फूट, हे हरकतीचे मुद्दे नव्हेत. तेरा-चौदाव्या वर्षी दोन मुलांच्या शारीरिक वाढीत तीन-चार वर्षांचं अंतर दिसू शकतं. वय तपासायला डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू3 पद्धतीने हाडांचं वय काढतात, पण तोही अंदाजच असतो आणि त्याचा निर्णय आयोजकांचा. तुम्ही मुलाला बाजूला घेऊन ‘खरं वय सांग’ म्हणणं, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणं, हे कोणत्याही परिस्थितीत करू नका. लहान गावात त्या फोटोचा डाग मुलाला बारावीपर्यंत पुरतो, आरोप खोटा ठरला तरी.

हरकत तुमच्या संघावर आली तर मैदानात वाद घालू नका. मुलांना वॉर्मअप करू द्या, एका शिक्षकाला त्यांच्याजवळ थांबवा आणि दुसऱ्याने फाइल घेऊन टेबलापाशी जावं. मूळ कागद दाखवायचे, हातात मात्र झेरॉक्स द्यायच्या. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाका. निर्णय लेखी मागा, तुमच्या बाजूने लागला तरी. जिल्हा पातळीवर तीच हरकत पुन्हा आली की तो कागद कामी येतो.

हंगाम संपल्यावर फाइल रद्दीत टाकू नका. खेळाडू पुढे पोलीस भरतीला किंवा दुसऱ्या सरकारी नोकरीला आरक्षणातून अर्ज करतो तेव्हा विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि तोवर मुख्याध्यापक बदललेले असतात, क्रीडा शिक्षक निवृत्त झालेले असतात. प्रवेशिकेची प्रत, संघाची यादी, निकालपत्रक आणि हरकतीचा निर्णय एकत्र शिवून, वर साल आणि खेळ लिहून जीआरच्याच कपाटात ठेवा. त्याची एक प्रत खेळाडूच्या घरीही द्या.