‘सगळं बघतो’ म्हणू नका: बोट सर्व्हेत नवीन येणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली मेकॅनिकलची काही मुलं बोट सर्व्हेबद्दल, म्हणजे जुनी बोट घेणाऱ्यासाठी ती तपासून रिपोर्ट देण्याच्या कामाबद्दल विचारतात, म्हणून लिहितोय. मीटर-गेज वापरायला शिकालच. मला ठेच लागली ती फोनवर.

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांना जुनी फायबरची बोट घ्यायची होती. बोट मुंबईकडे, खाडीत. ते म्हणाले, "साहेब, सगळं बघून घ्या." मी म्हणालो, "काळजी करू नका, सगळं बघतो."

बोट पाण्यातच उभी होती. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडे टणटण, ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, डाव्या कोपऱ्यात मात्र भद्द. आतलं प्लायवूड कुजलेलं. ते रिपोर्टात ठळक लिहिलं, त्यांनी त्यावर भाव पाडून घेतला. पाण्याखालचा भाग पाहिलेला नाही, हेही लिहिलं होतं, पण चौथ्या पानावर, तळाशी. व्यवहार झाला, क्रेनने बोट ट्रेलरवर उचलली, तर तळभर फोड! एक फोडला तर व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरलेलं. "तुम्ही सगळं बघतो म्हणाला होतात ना?" चौथं पान दाखवायची मला लाज वाटली. आजही ते आठवलं की झोप उडते.

रिपोर्ट हातात पडायच्या आधीच गिऱ्हाइकाच्या मनात एक रिपोर्ट तयार असतो, आणि तो तुमच्या फोनवरच्या शब्दांचा असतो. म्हणून काय दिसणार नाही ते ॲडव्हान्स घेण्याआधी सांगा, लेखी आणि मराठीत. बोट पाण्यात असेल तर तळ दिसणार नाही. बाहेर काढली तरी तळ वाळल्याशिवाय ओलाव्याचं रीडिंग धरता येत नाही. इंजिन उघडणार नाही, फळ्या उचकटणार नाही, कारण बोट अजून विकणाऱ्याची आहे. रिपोर्ट त्या दिवसाच्या अवस्थेचा, गॅरंटी नव्हे. सीनियरच्या फॉरमॅटमधल्या इंग्रजी अटी चिकटवून हे होत नाही. त्या कुणी वाचत नाही. आणि "जास्त बोललास तर गिऱ्हाईक पळेल" म्हणणाऱ्या गुरूचं तर अजिबात ऐकू नका.

काही जण पळतातही. पळू द्या, घाबरू नका. गेल्या महिन्यात सिन्नरच्या एका गृहस्थांनी ‘काय दिसणार नाही’ हे लिहून पाठवलेलं पान वाचून स्वतःच फोन केला, "क्रेनचं भाडं मी देतो, पण तळ बघूनच या."