गेमिंग सर्व्हरवरील शिवीगाळ आवरताना

गेमिंग सर्व्हरवर, म्हणजे खेळाडू जिथे ऑनलाइन एकत्र येऊन खेळतात आणि गप्पा मारतात त्या जागी, शे-दोनशे खेळाडू जमले की रोजच्या भांडणांना सुरुवात होते, आणि चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो चार-पाच वात्रट खेळाडूंना हाकलून देण्याचा. हा विचार चुकीचा नसला तरी अपुरा आहे. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमच्या रायट गेम्स कंपनीने आपल्याच चॅटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की सतत विखारी वागणारे खेळाडू अगदी थोडे होते. बहुतांश शिवीगाळ एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी हरून चिडलेल्या खेळाडूंकडून होत होती. म्हणून सर्व्हरची घडी बसवताना या चिडलेल्या सामान्य खेळाडूचा विचार आधी करावा.

नियम लिहिताना ‘सर्वांशी आदराने वागा’ असे मोघम वाक्य लिहून थांबू नये, कारण त्यावरून कोणालाही शिक्षा देता येत नाही आणि दिलीच तर ती कोणालाही पटत नाही. जे चालणार नाही त्याचे नाव घ्यावे: जात, धर्म, लिंग किंवा भाषेवरून हिणवणे, धमकी देणे, कोणाचा पत्ता, फोन नंबर किंवा फोटो उघड करणे, मुद्दाम मरून समोरच्या संघाला फायदा करून देणे, स्वतःच्याच सहकाऱ्याची वाट अडवणे. मित्रांमधली थट्टा आणि छळ यांतली रेषा मात्र कोणत्याही नियमात पूर्ण पकडता येत नाही. मी दोन प्रश्न विचारतो: बोलणे खेळाविषयी होते की माणसाविषयी, आणि समोरच्याने ‘पुरे’ म्हटल्यावर ते थांबले का? ‘काय खेळतोस रे’ हे ऐकून घेण्यासारखे आहे. ‘मुलींनी खेळूच नये’ हे पहिल्याच वेळी नियमभंग ठरते, मग बोलणारा कितीही हसत असो.

शिक्षेपेक्षा रचनेने अधिक काम होते. रायटने विरोधी संघाशी बोलण्याची चॅट सुरुवातीला बंद ठेवली आणि हवी असेल त्याने ती स्वतः चालू करावी असे केले, तेव्हा चॅटचा वापर जवळपास तेवढाच राहिला, पण त्यातील अपशब्द लक्षणीय घटले. चालू करण्याचे एक बटण मध्ये आले, एवढ्याने राग निवायला वेळ मिळाला. आपल्या सर्व्हरवर हेच ‘स्लो मोड’ने, म्हणजे एकाच खेळाडूच्या दोन संदेशांमध्ये सक्तीचे अंतर ठेवून, साधता येते. मॅचच्या निकालाची चर्चा होणाऱ्या चॅनेलवर दोन संदेशांमध्ये तीस सेकंदांचे अंतर ठेवले तरी पुरते. डिस्कॉर्ड या गेमरांमध्ये रुळलेल्या चॅट-अ‍ॅपवर हे अंतर सहा तासांपर्यंत वाढवता येते, पण तेवढे वाढवले तर चॅनेल ओस पडेल.

शब्दांची चाळणी लावावी, मात्र तिच्यावर विसंबू नये. डिस्कॉर्डने 2022 मध्ये ‘ऑटोमॉड’ ही सोय दिली असून तिच्यात आपली शब्दयादी भरता येते. आपल्याकडची अडचण अशी की एकच शिवी देवनागरीत एका प्रकारे आणि रोमन लिपीत सहा प्रकारे लिहिली जाते, शिवाय मध्येच आकडे आणि टिंबे घातली जातात. हे सगळे प्रकार पकडण्यासाठी यादी फार व्यापक केली तर निरपराध शब्दही अडकतात. त्यामुळे पहिला महिनाभर संदेश आपोआप न अडवता त्यांची सूचना फक्त मॉडरेटरांना, म्हणजे सर्व्हरवर नियम राखणाऱ्यांना, जाईल असे ठेवावे आणि यादी त्यावरून सुधारावी.

तक्रार आली की एकट्या वाक्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नये. आधीचे आणि नंतरचे दहा-वीस संदेश पाहावेत. तक्रारींची संख्या हाही पुरावा नव्हे, कारण एकत्र खेळणारे पाच मित्र एकाच नवख्याविरुद्ध पाच तक्रारी सहज करतात. व्हॉइस चॅटमधील प्रकार सिद्ध करणे सर्वांत कठीण असते. तिथे साक्षीदारांना वेगवेगळे विचारावे आणि खात्री नसेल तर इशाऱ्यावर थांबावे. दोन्ही बाजूंना उघड चॅनेलवर समोरासमोर आणणे टाळावे, कारण तिथे प्रेक्षक जमतात.

शिक्षा चढत्या क्रमाने द्यावी: इशारा, तासाभराचा टाइमआउट (लिहिण्या-बोलण्यास तात्पुरती बंदी), मग एक दिवस, मग आठवडा, शेवटी बॅन, म्हणजे सर्व्हरवरून हकालपट्टी. धमकी, लैंगिक छळ आणि खासगी माहिती उघड करणे यांना ही पायरी लागू नाही; तिथे थेट बॅन करावा आणि प्लॅटफॉर्मकडेही रिपोर्ट करावा. शिक्षा लवकर व्हायला हवी. 2011 मध्ये रायटने ‘ट्रिब्युनल’ ही खेळाडूंनीच निवाडा करण्याची पद्धत सुरू केली होती, पण प्रकरणे निकाली निघायला फार वेळ लागे, आणि 2014 मध्ये ती बंद झाली. शिक्षेसोबत कारणही कळवावे, आणि ते असे: ‘काल रात्री साडेदहाला तुम्ही लिहिलेले हे वाक्य नियम 2 मध्ये बसत नाही, उद्या याच वेळेपर्यंत तुम्हाला लिहिता येणार नाही.’ स्वतःचेच वाक्य डोळ्यांसमोर आले की निम्मा वाद तिथेच मिटतो.

मॉडरेटर निवडताना मी एकदा सर्वांत वरच्या रँकच्या खेळाडूला अधिकार दिले, आणि आठवडाभरात त्याने स्वतःला हरवणाऱ्यांनाच म्यूट केले. तेव्हापासून मी खेळ न पाहता, भांडणात कोण शांत राहतो ते पाहतो. किमान तीन मॉडरेटर असावेत, स्वतःच्या मॅचमधील किंवा मित्राच्या प्रकरणात कोणी निर्णय देऊ नये आणि प्रत्येक निर्णयाची नोंद सर्व मॉडरेटरांना दिसेल अशा जागी ठेवावी. अपील एकदाच, लेखी घ्यावे आणि ते दुसऱ्या मॉडरेटरने वाचावे. शिक्षा संपवून परतलेल्या खेळाडूला बाकीचे ‘बॅनवाला’ म्हणून चिडवू लागतील. तोही नियमभंगच समजून त्यांना तिथल्या तिथे इशारा द्यावा.