भारताची मॅच बघायला परदेशी जाताय? आधी पासपोर्टची तारीख बघा

आपला फुटबॉल संघ बाहेर स्पर्धा खेळणार असेल आणि तुम्ही मुंबईहून निघणार असाल, तर बॅगेला हात लावण्याआधी पासपोर्ट काढा. फोटोचं पान उघडा. खालच्या बाजूला मुदत संपायची तारीख असते, ती मोठ्यानं वाचा. तिथे उतरल्यापासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. आखातातले देश यावर काही ऐकून घेत नाहीत. पासपोर्ट अजून चालू आहे एवढ्यानं भागत नाही.

2019 चा आशिया चषक अमिरातीत होता. आपली पहिली मॅच 6 जानेवारीला अबुधाबीत, थायलंडशी. विमान, हॉटेल, मॅचची तिकिटं, सगळं मी वेळेत केलं होतं. व्हिसा चार दिवसांत येतो म्हणून तेवढा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवला. एजंटचा दुसऱ्याच दिवशी फोन: पासपोर्ट मे महिन्यात संपतोय, अर्ज पुढे जाणार नाही. मग तत्काळमध्ये नव्या पासपोर्टचा अर्ज, त्याचे जादा दोन हजार, अपॉइंटमेंटसाठी रोज सकाळी वेबसाइटवर खटपट, मध्ये नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्या. 6 तारखेला संध्याकाळी सात वाजता मी परळला घरी टीव्हीसमोर बसलो होतो. दाराजवळ भरलेली बॅग, तिच्यावर घडी न मोडलेली निळी जर्सी. आपण 4-1 जिंकलो. छेत्रीचे दोन, थापाचा एक, जेजेचा एक. आशिया चषकात 1964 नंतरचा पहिला विजय आणि या स्पर्धेतला आपला आजवरचा सगळ्यात मोठा. चौथ्या गोलला बायको माझ्याकडे बघत होती. मला ओरडताही आलं नाही.

तेव्हा तारीख बघा. घरातल्या सगळ्यांची बघा. मुलांची तर दोनदा, कारण त्यांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि तो कधी संपत आला हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा करून घेता येतो, मग थांबायचं कशाला? आणखी एक, व्हिसा पासपोर्टच्या नंबरवर निघतो. जुन्या पासपोर्टवर व्हिसा काढून मग नवा पासपोर्ट केलात, तर व्हिसाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रजा, पैसे, रोमिंग, चार्जर हे सांगायला नको.

हॉटेल घेताना नकाशा समोर ठेवा. गटातल्या तीन मॅच एकाच शहरात असतीलच असं नाही. 2019 मध्ये दोन अबुधाबीत होत्या आणि तिसरी शारजात, म्हणून मधे दुबईत राहिलेले लोक सुखी होते. 2024 च्या कतारमधल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तानच्या मॅचना अहमद बिन अली स्टेडियमला मेट्रोनं थेट जाता येत होतं. सीरियाची मॅच मात्र अल खोरच्या अल बैत स्टेडियमला. तिथे मेट्रो पोचत नाही, लुसैलला उतरून पुढे बस. मॅच संपल्यावर परत कसं यायचं ते आधी ठरवा. पन्नास हजारांच्या गर्दीत उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही.

खाऊबद्दल कळकळीनं सांगतो. आई अनारसे बांधून देईल, ते घेऊ नका. वर खसखस लावलेली असते, आणि अमिराती आणि कतारमध्ये खसखस अमली पदार्थांत धरतात. खसखस असलेले गरम मसालेही घरीच ठेवा. चिवडा, चकली, लाडू न्या. खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का तेही बघा. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात.

तिरंगा न्यायचाच. पण त्यावर गावाचं, मंडळाचं, कुणाचंही नाव लिहायचं नाही. ध्वजसंहितेत ते चालत नाही, आणि तसंही ते बरं दिसत नाही. मजकूर लिहायचा असेल तर वेगळा बॅनर करा. ढोल आत सोडतात का, काठी चालते का, हे त्या स्पर्धेच्या नियमांत वाचून घ्या. ब्लू पिल्ग्रिम्स या आपल्या संघाच्या चाहत्यांच्या गटातल्या मंडळींशी आधीच बोलून त्यांच्याजवळच्या जागा घ्या. एकट्यानं कोपऱ्यात बसून आवाज निघत नाही.

जानेवारीत आखातात संध्याकाळी थंडी पडते. आपल्याला मुंबईत सवय नाही. स्वेटर.

तिकिटं गटातल्या तिन्ही मॅचची काढा. मला नवा पासपोर्ट, मग नवा व्हिसा मिळून शेवटी 14 जानेवारीची शारजातली बहरीनची मॅच तेवढी गाठता आली. बरोबरी झाली असती तरी आपण पुढे गेलो असतो. 91 व्या मिनिटाला बहरीनला पेनल्टी मिळाली आणि आपण 1-0 नं हरलो. माझ्या शेजारचा मलयाळी मुलगा खाली पायऱ्यांवर बसून राहिला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दोघंही काही बोललो नाही. त्या रात्री तिथे होतो याचं मला आजही समाधान आहे. पण ज्यांनी 6 तारखेची मॅच अबुधाबीत बसून पाहिली, त्यांच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, आणि ते एका तारखेपायी.

विमानतळावर तीन तास आधी. कागदांच्या प्रती फोनमध्ये आणि एक घरी. तिकडचे थोडे सुटे पैसे. घसा दुखेल, मीठ-हळद.

परत आल्यावर पासपोर्ट कपाटात टाकण्याआधी त्याची मुदत फोनच्या कॅलेंडरमध्ये एक वर्ष अलीकडे टाकून ठेवा. माझा 2029 च्या जानेवारीत संपतो. फोनमध्ये नोंद जानेवारी 2028 ची आहे, आणि बायकोच्या फोनमध्येही.