ट्रॅफिक सिम्युलेशनमध्ये कोंडी मागे सरकत नव्हती: माझा अनुभव

पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपरजवळ अपघात नसताना कोंडी होते, तीच नागेल-श्रेकेनबर्ग (1992) मॉडेलमध्ये (रस्ता घरांत विभागून दर पायरीला, म्हणजे दर सेकंदाला, गाड्या हलवणारं मॉडेल) पायथॉनवर दाखवायची होती. पण रांग थांबली की पुढच्याच सेकंदाला सगळ्या गाड्या एकत्र सुटायच्या, त्यामुळे कोंडी मागे सरकतच नव्हती. गाड्या वाढवल्या, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) बदललं, काही फरक नाही. तीन रविवार गेले.

चूक अशी: एकाच अ‍ॅरेत (गाड्यांच्या जागांच्या यादीत), पुढच्या गाडीपासून सुरुवात करून, एकेक गाडी हलवत होतो. मागच्या गाडीला पुढचीची नवी जागा आधीच दिसायची.

उपाय, याच क्रमाने. जुन्या जागांची प्रत घ्या. त्या प्रतीवरून प्रत्येक गाडीचा वेग 1 ने वाढवा (कमाल 5), मग पुढच्या मोकळ्या घरांइतकाच ठेवा, मग 0.3 शक्यतेने 1 ने कमी करा, शून्याखाली नाही. सगळ्यांचे वेग ठरल्यावरच सगळ्या गाड्या हलवा. रस्ता गोल असेल तर मोकळी घरं मोजताना 1000 चा मॉड्युलो (माझ्या रस्त्यात 1000 घरं, म्हणून शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं) विसरू नका, तिथेही मी अडकलो होतो.

1000 घरं (घर 7.5 मीटरचं), 200 गाड्या, पहिल्या 1000 पायऱ्या सोडून जागा-वेळ आलेख काढला. कोंडीचे तिरके पट्टे स्पष्ट मागे सरकताना दिसले.