जुनी शिडाची बोट घेताना: आधी तोल, मग रंगरंगोटी

बोट कमी कलते म्हणून लगेच भुलू नका. रुंद बोटीच्या कडेवर पाय ठेवला तरी ती हलत नाही. पण पालथी झाली की तीच रुंदी तिला पालथंच धरून ठेवते. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटन-आयर्लंडजवळच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धक दगावले, त्यानंतर पालथं होण्याचा धोका जोखणारं एक सोपं गणित रूढ झालं. ते घरीच करून निघा. टनांतल्या वजनाला १.०२५ ने भागा, घनमूळ काढा आणि मीटरमधल्या रुंदीला त्याने भागा. ३.०५ मीटर रुंद, ४.५ टनी बोटीचं उत्तर १.८६ येतं. २ च्या वर गेलं तर ती बोट खाडीत आणि किनाऱ्याजवळच बरी.

या गणिताला वजन किती ते कळतं, कुठे आहे ते कळत नाही. म्हणून बोट किती अंश कलेपर्यंत स्वतःहून सरळ होते, तो आकडा मागा. युरोपीय मानकाच्या 'ए' म्हणजे खोल समुद्राच्या वर्गासाठी १३० मधून वजनाच्या दुप्पट टन वजा करतात, म्हणजे आपल्या बोटीला १२१ अंश. १०० च्या खाली कुणालाच सूट नाही. हा आकडा फारसं सामान न भरलेल्या बोटीचा असतो, हे विसरू नका. तोलबिंदूपासून १२ मीटर उंच चढवलेलं १० किलोचं रडार फेडायला १.२ मीटर खाली १०० किलो शिसं लागतं. कागद नसतील तर शांत पाण्यात दोर सैल सोडून बोट झुलवा, दहा हेलकाव्यांची (एका बाजूला जाऊन परत त्याच बाजूला येईपर्यंत एक) वेळ मोजा. एका हेलकाव्याचे सेकंद रुंदीच्या मीटरपेक्षा जास्त भरले तर वजन वर साठलंय.

कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचा वजनदार पंखा, बघायला मुंबईकडे पावसाळ्याआधीचे दिवस उत्तम, बोटी तेव्हा बाहेर काढतात. बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकलेली असतानाच कील आणि तळाच्या सांध्याशी जा. कीलवर टेकवली की पुढची फट मिटते आणि वर रंगाचा हात मारलेला असला तर दिसतच नाही. तांबूस पाणी ठिबकत असेल तर बोल्ट काढून दाखवायला सांगा. आत कीलच्या मागच्या टोकाशी लाकडी हातोडीने ठोका: टणक आवाज हवा, भद्द आला तर आतली चौकट तळापासून सुटलीय. बोट खडकावर आपटली की धक्का नेमका तिथेच बसतो. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी रफिकी' या शिडाच्या बोटीची कील तुटून चौघे गेले. आधीच्या आपटण्यांनी आणि दुरुस्त्यांनी सांधा कमकुवत झाला असावा, असं चौकशीत नोंदवलंय.

बाकीचं तासाभराचं काम. कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायचा खोलगट भाग, पाइपने काठोकाठ भरा, तीन-चार मिनिटांत रिकामं व्हायला हवं. दाराच्या फळ्या आतून-बाहेरून अडकवता आल्या पाहिजेत. तळाचा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने फिरवा. सुकाणू दोन्ही हातांनी हलवा, खडखड नको. शेवटी बॅटरीचा पट्टा जोरात ओढा. बोट उलटली तर ती तीस किलोची पेटी केबिनभर फिरेल.