भुरीला पावसाळ्यातलं औषध चालत नाही : परसबागेत होणाऱ्या या चुका टाळा

भातं कापून झाली, उडवी रचली की आमच्याकडे कोकणात सगळ्यांचं लक्ष परसातल्या मांडवाकडे वळतं. दुधी, भोपळा, कारली, चवळी, कडेला दोनचार गुलाब. आणि नेमकं तेव्हाच, पहाटे दंव पडायला लागलं की एक दिवस पानावर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखे गोल डाग दिसतात. हीच भुरी, पानावर वाढणारी एक बुरशी. दरवर्षी ओळखीचे लोक मला पानांचे फोटो पाठवतात आणि दरवर्षी बहुतेकांनी आधीच काहीतरी उलटं करून ठेवलेलं असतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

मुळात आपल्याला झाडांच्या रोगाची जी काही समज आहे ती पावसाळ्यातून आलेली आहे. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे सुपारीची फळं कुजवून गाळणारा कोळेरोग म्हणा, वेलींच्या पानांवरचा केवडा म्हणा, सगळं पाण्याने येतं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. भुरी तशी नाही. तिच्या बीजाणूंमध्ये, म्हणजे बुरशीच्या बारीक बियांमध्ये, स्वतःपुरतं पाणी असतं, त्यांना रुजायला पान ओलं लागत नाही, उलट पानावर पाणी साचलं तर ते मरतात. तिला रात्रीची दमट थंड हवा आणि दिवसा कोरडं पान हवं असतं, आणि आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी अगदी तेच असतं, रात्री दमट हवा आणि दिवसा कोरडा वारा, त्या वाऱ्यावर बीजाणू या पानावरून त्या पानावर.

त्यामुळे शेजारच्या काकी मला म्हणाल्या होत्या तसं, "पानांवर पाणी मारू नको गो, रोग वाढेल," हे भुरीपुरतं खरं नाही. सुरुवातीचे दोनचार डाग असताना सकाळी नळीने पानं वरून खालून धुवून काढली तर भुरी बऱ्यापैकी आटोक्यात राहते. फक्त सकाळीच हां, ऊन चढायच्या आत पानं सुकली पाहिजेत. संध्याकाळी शिंपण करून पानं रात्रभर ओली ठेवलीत तर भुरी नाही पण दुसरं काहीतरी येईल.

दुसरी चूक, बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. सुपारीसाठी केलेलं बोर्डो किंवा घरात पडलेलं मोरचूद बहुतेक वाड्यांत असतं, मग पांढरं दिसलं की तेच मारायचं. बोर्डो केवड्याच्या जातीच्या रोगांवर चांगलं, भुरीवर त्याचा तेवढा उपयोग नाही. भुरीचं जुनं औषध गंधक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपात द्राक्षांवर भुरी आली तेव्हाही गंधकच वापरलं होतं.

पण औषधाच्या आधी, ती भुरीच आहे का ते बघा. अंगठ्याने डाग चोळा. पीठ बोटाला लागलं आणि खाली पान हिरवंच दिसलं तर भुरी. केवड्यात वरून पिवळे, शिरांमध्ये अडकलेले कोनेदार डाग असतात आणि बुरशी पानाच्या खालच्या बाजूला दिसते. कापसासारखे पुंजके देठाच्या बेचक्यात असतील तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे कीड, तिला बुरशीचं औषध मारून काय होणार. आणि आपल्या लाल भोपळ्याच्या पानावर शिरा जिथे फुटतात तिथे चंदेरी ठिपके जन्मापासूनच असतात, कितीही चोळा, जात नाहीत. त्या बिचाऱ्या वेलावर लोक महिनाभर फवारे मारत बसतात.

आता गंधक. पाण्यात मिसळणारं 80 टक्केवालं मिळतं, लिटरला 2 ग्रॅम पुरे. ते मारण्यात सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची, आणि ती माझ्या हातून झालेली आहे. फेब्रुवारीतला दिवस, दुपारी बारा वाजता वेळ मिळाला म्हणून दुधीच्या मांडवावर पंप मारला. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन कागदासारख्या वाजायला लागल्या, कोवळे शेंडे तर काळेच पडले, आणि भुरीने गेला नसता एवढा वेल मी गंधकाने घालवला. 32 अंशाच्या वर हवा गेली की गंधक पान जाळतं, आणि काकडी-भोपळ्याच्या कुळातली पानं त्यात जास्तच नाजूक. तेव्हा सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, आणि वेलभाज्यांवर आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघायचं. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नाही, दोन्ही एकत्र आली की पान भाजतंच. हे दुकानदार सांगेलच असं नाही, एका दुकानात मला दोन्ही बाटल्या एकाच पिशवीत घालून दिल्या होत्या.

घरगुती उपायांचं म्हणाल तर दूध खरंच चालतं. ब्राझीलमध्ये 1999 साली झुकिनीच्या भुरीवर गाईच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात 10 टक्के आणि त्याहून जास्त दुधाने चांगला गुण आला होता. म्हणजे 100 मिली दूध, 900 मिली पाणी, आठवड्याला एकदा, सकाळच्या उन्हात. पण सुरुवातीलाच मारायला हवं, अख्खा वेल पांढरा झाल्यावर कळशीभर दूध ओतून काही होत नाही. खायचा सोडा पण भुरी दाबतो, लिटरला एक सपाट चमचा आणि किंचित साबण, पण कुंडीत तो दर आठवड्याला मारू नका, सोडियम मातीत साठत जातं आणि मग झाड वेगळ्याच कारणाने सुकतं. एकाचे दोन चमचे केले तर पानाला डाग पडतात ते वेगळं.

युरिया! भुरीने वेल मलूल दिसतोय म्हणून मूठभर युरिया घालायचा ही चूक मी दर घरात बघते. युरियाने लुसलुशीत कोवळी पानं फुटतात आणि भुरीला तेच हवं असतं. त्यापेक्षा खालची दाटी कमी करा, जुनी पांढरी पानं काढा, आणि काढताना झटकू नका, पिशवी पानाखाली धरून आतच तोडा. माडाच्या किंवा फणसाच्या गच्च सावलीत मांडव घातला असेल तर औषधाला कायमची लढाई, पुढच्या वर्षी जागा बदला. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, चिकटून लावलेल्या वेलींचंही तेच होतं, मागून वारा फिरत नाही.

एक भीती मात्र सोडून द्या. आंब्याच्या मोहरावरची भुरी गुलाबावर आणि गुलाबावरची दुधीवर जात नाही, प्रत्येकीची बुरशी वेगळी. म्हणून मोहर पांढरा दिसला म्हणून घाबरून गुलाब उपटू नका. मोहराचं मात्र मनावर घ्या, हापूसला भुरी लवकर धरते आणि मोहोर राखाडी होऊन गळून जातो. आंब्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम हेच गंधक किंवा 5 टक्के हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक 5 मिली आहे. फुलं पूर्ण उमललेली असताना आणि माशा फिरत असताना फवारू नका, फळ धरायचं काम त्याच करतात. आणि आंब्याचं उरलेलं हेक्झाकोनॅझोल चवळीवर मारायचं नाही, ज्या पिकाचं नाव लेबलवर नाही ते आपण खाणार असू तर नाहीच. तेच तेच औषध दर फवाऱ्याला वापरलं की बुरशी सरावते, म्हणून मध्ये गंधकाचा हात द्यावा.

फवारल्यावर पांढरं पान परत हिरवं होईल अशी वाट बघू नका, ते होत नाही. नवीन पानं बघा. एका बीजाणूपासून नवे बीजाणू तयार व्हायला आठवडाभरसुद्धा लागत नाही, तेव्हा सात-आठ दिवसांनी परत एक फेरी मारावीच लागते. आणि ज्या वेलाची फळं संपत आलीत, पानं खालून वरपर्यंत पांढरी आहेत, त्याच्यावर औषध घालवू नका. शेजारी नवीन बी रुजवायच्या आधी तो वेल मुळासकट काढा आणि खड्ड्यात पुरून वर माती लोटा.