वायरचा हेडफोन: समोरच्याला तुमचा आवाज नीट जावा म्हणून

दुकानात हेडफोन मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पिन बघायला लावतो. ३.५ मिलिमीटरच्या पिनवर तीन पट्टे असतील तर माइक आहे. दोनच असतील तर फक्त ऐकता येईल. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा घ्या.

पिन पूर्ण आत दाबा. अर्धवट बसली की गाणं वाजतं, पण तुमचं बोलणं पलीकडे जात नाही. बसतच नसेल तर बहुधा भोकात खिशातला कचरा असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई अजिबात नको, आतले पत्रे वाकतात.

आता खरी गोष्ट, माइक. वायरवरच्या बटणाच्या डबीला बारीक भोक असतं, तोच माइक. ती डबी हनुवटीपाशी मोकळी लटकली पाहिजे. शर्टाच्या कॉलरला, ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासली की समोरच्याला नुसती खरखर ऐकू येते. लोक हेडफोन बिघडला म्हणून परत आणतात, तेव्हा मी आधी हेच तपासतो. डबी ओठांना लावूनही बोलू नका, श्वासाचा आवाज जातो.

फोन आला की बटण एकदा दाबून उचला, बोलणं झालं की पुन्हा एकदा दाबून फोन ठेवा. गाणं चालू असताना दोनदा दाबलं की बहुतेक फोनवर पुढचं लागतं.

रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही बोंडं कानातून काढा, कृपा करून. वायर काढताना पिन धरून ओढा.

आणि फोनमध्ये एफएम असेल तर हीच वायर अँटेना होते. स्टेशन खरखरलं तर ती सरळ सोडा.